उंच उंबरठ्याची गाडी

मर्सिडीज-बेन्झ ३०० एसएल या गाडीत बसायचं म्हणजे एक छोटी कवायत असते. दाराला मूठ दिसत नाही, पत्र्यात बसवलेली एक बारीक पट्टी दिसते. तिचं एक टोक दाबलं की दुसरं टोक बाहेर येतं. ते धरून ओढलं की दार बाजूला न सरकता छपराच्या मध्यावरच्या बिजागरीवर वर उचललं जातं. आता आत शिरावं म्हटलं तर समोर उंबरठा. चांगला गुडघ्याच्या आसपास उंच, आणि माणूस आरामात टेकेल इतका रुंद. त्यावर आधी बसायचं, मग आत घसरायचं आणि पाय एकेक करून आत ओढायचे. पाय स्टिअरिंगला अडकू नयेत म्हणून ते चाकही खाली दुमडतं. जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत जाताना पाहुण्याला मान लवून पाय उचलावा लागे, तसाच काहीसा हा मान ही गाडी मालकाकडून रोज वसूल करते.

दोन्ही दारं वर केलेली ही गाडी समोरून पाहिली की पंख पसरलेला पक्षी दिसतो. इंग्रजीत तिचं नाव पडलं गलविंग, म्हणजे कुरवाचे पंख. हिवाळ्यात गेटवेहून लाँचने निघालं की मागे मागे येणारे पांढरे पक्षी, तेच कुरव. फ्रेंच लोकांना मात्र तिच्यात फुलपाखरू दिसलं आणि त्यांनी तिला पापियों म्हटलं. नावं देखणी आहेत, पण ती दारं कुणी देखणी दिसावीत म्हणून काढलेली नाहीत. या गाडीतली जवळजवळ प्रत्येक सुंदर गोष्ट अडचणीतून निघाली आहे, आणि आज संग्राहक जे पैसे मोजतात ते बऱ्याच अंशी त्या अडचणींचेच.

मूळ अडचण पैशाची होती. दुसऱ्या महायुद्धात श्टुटगार्टचे कारखाने बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले होते. १९५१ साली कंपनीला पुन्हा शर्यतीत उतरायचं होतं, पण खास शर्यतीचं नवं इंजिन बनवण्याची ऐपत नव्हती. हाताशी होतं ते ‘३००’ या जाडजूड सलूनचं तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कॉनराड आडेनाउअर ती गाडी वापरत, म्हणून लोक तिला आडेनाउअरच म्हणत. इंजिन दणकट पण जड, आणि ताकद बेताची. मग वजन दुसरीकडून कमी करणं आलं.

ते काम रुडॉल्फ उलेनहाउट या अभियंत्याने केलं. लंडनमध्ये जन्मलेला, आई इंग्रज, वडील जर्मन. स्वतः गाडी चालवण्यात तो कंपनीच्या ड्रायव्हरांच्या तोडीचा होता, पण शर्यतीत कधी उतरला नाही. त्याने बारीक पोलादी नळ्यांच्या त्रिकोणांचा एक सांगाडा रचला. पुलाच्या कैचीत असतं तेच तत्त्व इथे होतं. प्रत्येक नळीने एक तर दाब सोसायचा किंवा ताण, वाकण्याची वेळच येऊ द्यायची नाही. असा सांगाडा कमालीचा हलका होतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी नंतर थोडा जाड केलेला सांगाडाही ८२ किलोंचाच होता. पण अशी कैची ताठ राहायची तर तिला उंची लागते, आणि ती उंची नेमकी तिथेच हवी होती जिथे गाडीला दार असतं. नळ्या कापून दाराला जागा केली असती तर सांगाडा लेचापेचा झाला असता. म्हणून नळ्या राहिल्या आणि दार वर सरकलं. उंबरठ्याचा जन्म हा असा.

पहिल्या गाड्यांना तर नीट दारही नव्हतं, खिडकीएवढा तुकडा वर उचलायचा आणि आत उतरायचं. १९५२ मध्ये इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत तपासनिसांनी भुवया उंचावल्या. पण दार कोणत्या दिशेने उघडावं हे नियमांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढे ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी दार खाली थोडं वाढवलं गेलं आणि आज ओळखीचा असलेला आकार तयार झाला.

त्या ल मान्सची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. मर्सिडीजच्या गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. हेरमान लांग आणि फ्रिट्झ रीस ही जोडी जिंकली. पण शेवटचा तास-सव्वा तास उरेपर्यंत पुढे होता तो पिएर लेवेघ नावाचा फ्रेंच माणूस, टाल्बो गाडीत. नियमाप्रमाणे त्याचा जोडीदार तयार होता, तरी लेवेघने बावीस तासांहून अधिक वेळ स्टिअरिंग कुणाच्या हाती दिलं नाही. अखेर इंजिनाने दगा दिला आणि मागून येणाऱ्या जर्मन गाड्यांना विजय आयता मिळाला. मर्सिडीजच्या पथकाचा प्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर हे विसरला नाही. तीन वर्षांनी त्याने लेवेघला आपल्या पथकात जागा दिली. तिथे काय झालं ते पुढे येईलच.

१९५२ च्याच नोव्हेंबरमध्ये ३०० एसएल मेक्सिकोत गेली. कारेरा पानामेरिकाना ही देशाच्या दक्षिण टोकापासून उत्तर सरहद्दीपर्यंत जाणारी तीन हजार किलोमीटरहून लांब शर्यत होती. पहिल्याच टप्प्यात, ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेग असताना, एका लांबलचक वळणावर रस्त्याकडेला बसलेली गिधाडं इंजिनाच्या आवाजाने उडाली आणि त्यातलं एक समोरच्या काचेतून थेट आत आलं. चालक कार्ल क्लिंगच्या शेजारी बसलेला हान्स क्लेंक क्षणभर बेशुद्ध पडला. शुद्धीवर येताच, रक्ताळलेल्या चेहऱ्याने, त्याने क्लिंगला सांगितलं की थांबू नकोस. पुढे सुमारे ७० किलोमीटरवर टायर बदलायला थांबले, तेव्हाच काचेचे तुकडे आणि पिसं साफ झाली. नंतर काचेसमोर आठ उभ्या लोखंडी सळया बसवल्या गेल्या. आपल्याकडे एसटीच्या खिडकीला असतात तशा. त्या सळयांसकट गाडी शर्यत जिंकली. श्टुटगार्टच्या संग्रहालयात सळयांवाल्या गाडीसमोर लोक जास्त वेळ उभे राहतात, ते मला अगदी समजू शकतं.

इथवर ही फक्त शर्यतीची गाडी होती, विकायला नव्हतीच. ती विकायला लावली न्यूयॉर्कमधल्या एका दुकानदाराने. मॅक्स हॉफमन मूळचा व्हिएन्नाचा, युद्धाच्या काळात अमेरिकेत गेलेला, आणि युरोपीय गाड्या आयात करण्यात हातखंडा असलेला. श्रीमंत अमेरिकनाला काय हवं असतं हे त्याला त्या अमेरिकनाच्या आधी कळायचं. पोर्शेची स्पीडस्टर आणि बीएमडब्ल्यूची ५०७ या गाड्याही त्याच्याच आग्रहातून आल्या. पार्क अॅव्हेन्यूवरचं त्याचं दालन फ्रँक लॉइड राइट या वास्तुकाराने रचलं होतं. १९५३ साली त्याने श्टुटगार्टच्या संचालकांना सांगितलं की शर्यतीची गाडी रस्त्यावर आणा, मी विकून दाखवतो. हजार गाड्यांची हमी त्याने दिली होती, असं सांगतात. कंपनीने जेमतेम पाच महिन्यांत नमुना उभा केला आणि ६ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तो सर्वांना दाखवला. एवढी मोठी जर्मन गाडी जगाला पहिल्यांदा दिसली ती जर्मनीत नव्हे, अमेरिकेत.

(त्याच १९५४ साली टाटांनी याच कंपनीशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. आपल्या वडिलांच्या पिढीने तीन टोकांचा तारा पाहिला तो गलविंगच्या नाकावर नव्हे, तर १९६९ पर्यंत घाट चढत राहिलेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकच्या जाळीवर.)

नव्या गाडीचं रूप फ्रीडरिश गाइगर या आरेखकाने घडवलं. चाकांवर भुवईसारख्या दोन दोन उठावदार रेषा आल्या. बॉनेट इतकं बसकं होतं की उंच इंजिन त्याखाली उभं मावेना, म्हणून ते ५० अंशांत कलतं करून बसवलं. ऑइल साठवायची नेहमीची खोल परात इंजिनाच्या खाली ठेवायलाही जागा नव्हती, म्हणून ऑइलची टाकी वेगळी काढली. अडचण आली की बाजूला वाट काढायची, हाच या गाडीचा स्वभाव.

खरी क्रांती मात्र पेट्रोलच्या बाबतीत झाली. त्या काळी पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण कार्ब्युरेटर करत असे, आणि तेच मिश्रण सिलिंडर ओढून घेई. ३०० एसएलमध्ये बॉशचा यांत्रिक पंप पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत, मोजून, दाबाने फवारतो. ही कल्पना विमानांकडून आली. युद्धात मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानात डाइमलर-बेन्झचं, म्हणजे मर्सिडीज बनवणाऱ्या याच कंपनीचं, असंच थेट फवारणीचं इंजिन होतं. विमानाने अचानक नाक खाली घातलं की सुरुवातीच्या ब्रिटिश स्पिटफायरचा कार्ब्युरेटर क्षणभर उपाशी राही आणि इंजिन गुदमरे. जर्मन इंजिनाला त्याचं काहीच वाटत नसे. युद्ध संपलं, विमानं बनवायला बंदी आली, आणि विमानासाठी कमावलेलं ज्ञान गाडीच्या बॉनेटखाली येऊन बसलं. दोन छोट्या दोन-स्ट्रोक जर्मन गाड्यांत हा प्रयोग आधी झाला होता, पण चार-स्ट्रोक इंजिनाची थेट फवारणीवाली, विक्रीसाठी बनलेली पहिली गाडी हीच. शर्यतीच्या गाडीला कार्ब्युरेटरवर १७० अश्वशक्तीच्या आसपास ताकद मिळत होती. रस्त्यावरच्या गाडीला मिळाली २१५. म्हणजे विकायची गाडी शर्यतीच्या गाडीहून तगडी निघाली. असं क्वचितच घडतं. गिअरच्या प्रमाणानुसार ती ताशी २६० किलोमीटरपर्यंत जाऊ शके, आणि त्या काळी रस्त्यावर विकत मिळणारी याहून वेगवान गाडी नव्हती.

जर्मनीत तिची किंमत होती २९,००० मार्क, अमेरिकेत ६,८२० डॉलर. साधी शेवरोले तेव्हा दोन हजार डॉलरच्या आसपास मिळे. १९५४ ते १९५७ या काळात १,४०० गाड्या बनल्या. त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या.

आता तिचे दोष. ते लपवून उपयोग नाही, कारण मालक तेच कौतुकाने सांगत असतात. दार वर उघडतं आणि त्याला बाक आहे, त्यामुळे काच खाली सरकायला जागाच नाही. हवा हवी असेल तर अख्खी काच काढायची आणि आसनामागच्या पिशवीत ठेवायची. उन्हाळ्यात आत भट्टी पेटते. डिकीत १३० लिटरची पेट्रोलची टाकी आणि जादा चाक, त्यामुळे सामान आसनांमागे. त्यासाठी त्या जागेच्या मापाच्या कातडी बॅगा कंपनीच बनवून देई. या बॅगांची जुनी जोडी मिळाली तर संग्राहकाचे डोळे चमकतात.

दुसरा दोष जास्त गंभीर. मागची चाकं ज्या आसांवर आहेत ते मध्यभागी सांध्यावर झुलतात. वळणावर वेगात असताना घाबरून पाय उचलला की गाडीची मागची बाजू वर येते, चाकं आत मुडपतात, टायर कडेवर उभा राहतो आणि शेपूट झटक्यात बाहेर फेकलं जातं. सरावलेला चालक वळणाआधी वेग कमी करतो आणि वळणात पाय दाबून ठेवतो. हौशी माणूस उलटं करतो आणि खड्ड्यात जातो.

तिसरा दोष गमतीचा वाटतो, पण इंजिन खातो. फवारणीचा पंप इंजिनाच्या फिरण्यावरच चालतो. किल्ली बंद केली की ठिणगी थांबते, पण इंजिन थांबेपर्यंतचे चार-दोन फेरे पंप पेट्रोल फवारत राहतो. ते न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. गाडी रोज लांब आणि वेगात पळवली तर इंजिन तापून पेट्रोल उडून जातं. बाजारहाटापुरती वापरली तर ऑइल पातळ होत जातं. म्हणजे आजच्या मालकाची पंचाईत अशी की जपून वापरावी तर गाडी बिघडते. तरबेज मेकॅनिक ऑइल लवकर लवकर बदलायला सांगतात, आणि वर्षातून काही वेळा तरी तिला मोकळ्या रस्त्यावर नेऊन दामटायला सांगतात.

कंपनीने पुढे यातले बरेच दोष सुधारले. १९५७ मध्ये छप्पर उघडणारी रोडस्टर आली. सांगाडा बदलून दारं नेहमीसारखी केली, काच खाली जाऊ लागली, डिकीत सामान राहू लागलं, मागच्या आसाचा सांधा खाली आणून वळणावरचा धोका बराच कमी केला. १९६१ पासून डिस्क ब्रेकही आले. १९६३ पर्यंत १,८५८ रोडस्टर बनल्या. कुठल्याही शहाण्या मापाने रोडस्टर ही अधिक चांगली गाडी आहे. तरी लोककथा झाली ती गलविंगचीच. आज साधी पोलादी गलविंगही दहा लाख डॉलरच्या वर जाते. अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या अवघ्या २९ बनल्या होत्या. त्यांतली एक २०२२ च्या जानेवारीत ६८ लाख २५ हजार डॉलरला गेली.

नावाच्या साम्यामुळे एक गोंधळ नेहमी होतो, तो इथेच मिटवू. ३०० एसएल वेगळी आणि ३०० एसएलआर वेगळी. एसएल म्हणजे ‘सुपर लाइश्ट’, अतिहलकी. एसएलआर ही १९५५ सालची निखळ शर्यतीची गाडी, फॉर्म्युला वनच्या गाडीवरून काढलेली, आठ सिलिंडरची. त्या वर्षीच्या मिले मिलियात स्टर्लिंग मॉस ७२२ क्रमांकाच्या एसएलआरमध्ये होता. सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी निघाला म्हणून तो क्रमांक. शेजारी बसलेला दाढीवाला पत्रकार डेनिस जेंकिन्सन वळणांच्या खुणा लिहिलेली कागदाची लांब गुंडाळी डबीतून उलगडत हाताने इशारे करत होता. सुमारे १,६०० किलोमीटर त्यांनी १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत कापले, त्यातही गावागावांतून जाणाऱ्या उघड्या रस्त्यांवर. त्याच शर्यतीत साधी गलविंग घेऊन गेलेला अमेरिकन जॉन फिच एकूण पाचवा आला, ही गोष्ट मात्र फार कुणाला आठवत नाही.

सहा आठवड्यांनी, ११ जून १९५५ रोजी, ल मान्सला एक एसएलआर दुसऱ्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचे जळते भाग प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसं मेली. चालवत होता पिएर लेवेघ. तोही गेला. मर्सिडीजने मध्यरात्रीनंतर आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या आणि वर्षअखेर शर्यतींतून अंग काढून घेतलं.

उलेनहाउटने तेव्हा एसएलआरच्याच सांगाड्यावर छपराच्या दोन गाड्या पुढच्या हंगामासाठी तयार केल्या होत्या. दारं अर्थातच वर उघडणारी. पण हंगामच उरला नाही. गाड्या एकही शर्यत न धावता राहिल्या, आणि त्यांतली एक उलेनहाउट कंपनीच्या कामासाठी रस्त्यावर वापरू लागला. शर्यतीची गाडी घेऊन ऑफिसला जाणारा हा गृहस्थ म्हातारपणी कानाने अधू झाला, असं म्हणतात. ५ मे २०२२ रोजी श्टुटगार्टच्या संग्रहालयात मोजक्या निमंत्रितांसमोर लिलाव झाला आणि या दोनांपैकी एक गाडी १३ कोटी ५० लाख युरोंना गेली, म्हणजे त्या दिवशीच्या हिशेबाने साधारण अकराशे कोटी रुपये. लिलावात विकलेल्या गाडीचा आधीचा उच्चांक होता ४ कोटी ८४ लाख डॉलर, २०१८ साली फेरारी २५० जीटीओचा. पैसे तरुणांच्या शिष्यवृत्तीसाठी गेले. घेणाऱ्याचं नाव बाहेर आलं नाही. दुसरी गाडी कंपनीने विकलेली नाही.

साध्या गलविंगच्या बाजारात मात्र शेकडो कोटींची भाषा नसते, तिथे भिंग घेऊन बसणारी माणसं असतात. सगळ्यात आधी क्रमांक पाहिले जातात. सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा आस, स्टिअरिंगची पेटी, पत्रा, या सगळ्यांवर कारखान्याने ठोकलेले आकडे त्या गाडीच्या मूळ नोंदीशी जुळले तर ती ‘मॅचिंग नंबर’ आणि भाव वर. इंजिन बदललेलं असेल तर गाडी तीच, धावते तशीच, पण भाव उतरला. कंपनीचं जुन्या गाड्यांचं स्वतंत्र केंद्र श्टुटगार्टजवळ फेलबाखला आहे आणि तिथे जुन्या नोंदी तपासून दिल्या जातात. मग हत्यारांची पिशवी आहे का, बॅगा आहेत का, मधल्या एका नटावर अडकणारी रुज चाकं मूळची की नंतर चढवलेली, हे पाहायचं. गाडीच्या पोटाखाली हवा सुरळीत जावी म्हणून पत्र्याची झाकणं होती. साठच्या दशकात प्रत्येक ऑइल बदलाला ती काढायचा कंटाळा येऊन मेकॅनिकांनी ती फेकून दिली. आज तशीच झाकणं नव्याने घडवून घ्यायला लोक पैसे मोजतात.

आणि नूतनीकरण? वर्षानुवर्षं समज असा होता की गाडी जितकी नवी कोरी दिसेल तितकी महाग. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेत अॅरिझोनामध्ये एकाच लिलावात दोन गलविंग आल्या. एक नटवून सजवून आरशासारखी केलेली, ती सुमारे १४ लाख डॉलरला गेली. दुसरी कुणी हातच न लावलेली होती, रंग उडालेला, कातडं विटलेलं, कित्येक वर्षं उभी राहून धूळ बसलेली. तिला जवळजवळ १९ लाख मिळाले.